विरघळलेला कापूस

ज्या साखरेच्या मण्यांची माळ ओवून निसर्ग तांदळातले पीठ घडवतो, त्याच मण्यांतून तो कापूसही घडवतो. पण तांदूळ शिजवला की पेज होते आणि कापूस आठ दिवस उकळला तरी कापूसच राहतो! फरक आहे तो मणी जोडण्याच्या तऱ्हेत. कापसाच्या माळा सरळ, एकमेकींना घट्ट बिलगलेल्या. त्यांना सुटे करणे एकट्या पाण्याला जमत नाही. आन्सेल्म पायें या फ्रेंच रसायनज्ञाने १८३८ साली हा पदार्थ निराळा ओळखून काढला. सेल्युलोज तो हाच.

तो विरघळवायचा कसा? जॉन मर्सर या इंग्रज कारागिराने कापडाला कॉस्टिक सोडा पाजून १८५० मध्ये पेटंट घेतले. कापड फुगले, आटले, रंगही छान घेऊ लागले; विरघळले मात्र नाही. ती किमया १८९२ साली क्रॉस, बेव्हन आणि बीडल या त्रयीने केली. सोड्यात भिजलेल्या लगद्याला त्यांनी कार्बन डायसल्फाइड दिले, तेव्हा त्याचा नारिंगी चुरा झाला आणि तो सौम्य सोड्यात मधासारखा पातळ झाला. हा पाक बारीक छिद्रांतून आम्लात सोडला की पुन्हा सेल्युलोजचाच धागा! १९०५ पासून कॉव्हेन्ट्रीला तो कारखान्यात निघू लागला. पुढे आपल्या कल्याणजवळ शहाडलाही. माझ्या आईच्या पेटीतली 'नकली रेशमा'ची साडी याच जातीची. तिची झुळझुळ मला अजून आठवते.

त्या झुळझुळीची किंमत कोणी मोजली? कार्बन डायसल्फाइडच्या वाफेने माणसांचे हातपाय लुळे पडतात, डोके फिरते. पॅरिसच्या डॉक्टर देलपेश यांनी रबर-कामगारांत हे १८५६ सालीच पाहिले होते. म्हणजे रेयॉनचा जन्म होण्याच्या छत्तीस वर्षे आधी! तरीही तेच विष नव्या धंद्यात आले आणि तेच रोग घेऊन आले. याला अज्ञान म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अलीकडची गोष्ट अधिक गमतीची आहे. चीनमधल्या वूहान विद्यापीठात झांग लीना या विदुषीने शंभर भाग द्रावणात सात भाग कॉस्टिक सोडा आणि बारा भाग युरिया, आपला खतातला युरिया, घेऊन ते पाणी शून्याखाली बारा अंशांपर्यंत गार केले. त्यात सेल्युलोज घालून ढवळले, तो काही मिनिटांत विरघळला! साखर विरघळायला आपण पाणी तापवतो. इथे सगळा उलटा कारभार. थंडीत सोडा माळांना बिलगतो आणि युरिया त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाही, असा उलगडा सांगतात. २०११ साली या बाईंना अमेरिकन केमिकल सोसायटीचा पुरस्कार मिळाला, तो पायें यांच्याच नावाचा.

मात्र माळा फार लांब असल्या तर हे द्रावण हार खाते, आणि जरा ऊब लागली की त्याची खळ होऊन बसते. त्यामुळे बाजारातले बहुतेक रेयॉन अजून जुन्याच वाटेने, त्या गंधकी वाफेतूनच येते.