वाळूच्या माळावरील एक आठवडा

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईस निजामाच्या अमदानीत मोमिनाबाद असे नाव होते, व तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. योगेश्वरीच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूस गोऱ्या अधिकाऱ्यांचे घोडे कवाईत करताना दिसत. हे अधिकारी दीर्घ रजा मिळाली म्हणजे बोटीने विलायतेस जात. तेथे रजेचा एखादा आठवडा काढण्याची जी एक तऱ्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साहेब लोकांत रूढ झाली, ती म्हणजे आयर्लंडच्या समुद्रकाठी जाऊन गोल्फ खेळणे ही होय. लहानसा टणक चेंडू काठीने टोलवीत न्यावयाचा व विटीदांडूच्या खळगीसारख्या अठरा खळग्यांत एकामागून एक पाडावयाचा, एवढाच हा खेळ. वरवर पाहता त्यात इतिहासाने दखल घ्यावी असे काही दिसत नाही. परंतु तो ज्या जमिनीवर खेळला जाई, तिची हकीगत निराळी आहे.

मराठवाडा व आयर्लंड यांना जोडणारा एक माणूस या आठवड्याच्या पूर्वीच होऊन गेला. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्ग हे मुलूख इंग्रजांच्या हवाली केले, तेव्हा बीडला लागून असलेल्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार कॅप्टन मेडोज टेलर याजकडे आला. तुळजापुरास तो तरुणपणीच राहून गेला होता. १८६० मध्ये नोकरी सोडल्यावर टेलर डब्लिन शहराजवळ हॅरल्ड्स क्रॉस येथे जाऊन राहिला, आणि तुळजापूर व अफजलखान यांच्या भोवती गुंफलेली त्याची ‘तारा’ ही कादंबरी १८६३ मध्ये प्रसिद्ध झाली. टेलर १८७६ मध्ये वारला. त्याच्या हयातीत डब्लिनच्या समुद्रकाठची वाळू बहुधा ससे व मेंढरे यांच्याच मालकीची होती. पुढील पंचवीस वर्षांत तिला भाव आला.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. गोल्फ हा मूळचा स्कॉटलंडचा खेळ. तो कलकत्त्यास १८२९ मध्ये व मुंबईस १८४२ मध्ये क्लबाच्या रूपाने आला. आयर्लंड स्कॉटलंडपासून हाकेच्या अंतरावर. तरी तेथे आज टिकून असलेला सर्वांत जुना क्लब बेलफास्टचा, आणि तो निघाला १८८१ मध्ये. म्हणजे खेळाला शेजारच्या खाडीपलीकडे जाण्यास मुंबईपेक्षा चाळीस वर्षे अधिक लागली! स्कॉच व्यापारी व शिपाई हिंदुस्थानात आधी पोचले, हे एक कारण. दुसरे कारण असे की, आयर्लंडात त्या काळी चैनीच्या खेळास अवकाश नव्हता. १८४५ पासूनच्या दुष्काळात तेथील सुमारे दहा लक्ष माणसे मेली व त्याहून अधिक देशांतरास गेली; जी राहिली ती परक्या जमीनदारांची कुळे होऊन राहिली.

या खेळास लागणाऱ्या जमिनीस ‘लिंक्स’ म्हणतात. समुद्र व शेती यांच्या मधला, वाऱ्याने उंचसखल झालेला वाळूचा पट्टा तो लिंक्स. त्यात नांगर घालून उपयोग नाही. बालाघाटावरील मुरमाड माळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांस ही जात ओळखता येईल: पेरले तर बियाणे फुकट जाते, म्हणून तो गायरान म्हणून सुटतो व धनगराच्या मेंढरांस मिळतो. आयर्लंडातही तसेच होते. फरक एवढाच की तेथील वाळूवर बारीक, चिवट गवत उगवते, मेंढरे ते खाऊन तासल्यासारखे आखूड ठेवतात, आणि पावसाचे पाणी वाळूत तत्काळ जिरते. त्यामुळे इतर मैदाने चिखलाने भरली तरी येथे ऐन हिवाळ्यातही खेळ चालतो. खेळाडूस अडविण्यासाठी ठेवलेले वाळूचे खड्डे प्रथम कोणी मुद्दाम खणले नाहीत; वाऱ्यापासून आसरा घेण्यासाठी मेंढरे जेथे बसत, तेथली हिरवळ झिजून ते पडले असे सांगतात.

आठवड्याचा प्रवास बहुधा डब्लिनपासून सुरू होई. शहराच्या उशाशी नॉर्थ बुल नावाचे बेट आहे. बंदरात गाळ साचू नये म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी समुद्रात एक लांब भिंत बांधली, तिच्या आडोशास वाळू साचत गेली आणि नकाशात नसलेले बेट उत्पन्न झाले. डब्लिनचा १८८५ मध्ये स्थापन झालेला क्लब १८८९ मध्ये या नव्या भूमीवर आला. ही जमीन तरी कोणाच्या हातातून काढून घेतलेली नव्हती, असे म्हणावयास हरकत नाही. तेथून उत्तरेस पोर्टमार्नकचा वाळूचा दांडा आहे. १८९३ च्या नाताळच्या आदल्या दिवशी पिकमन व रॉस हे दोघे गृहस्थ सटनहून होडी वल्हवीत तिकडे गेले आणि जागा पाहून परतले. पुढील वर्षी क्लब निघाला. जागा जेमसन या दारू गाळणाऱ्या प्रसिद्ध घराण्याची होती. पुढे पुष्कळ दिवस खेळाडू होडीतूनच ये-जा करीत.

दुसरा मुक्काम उत्तरेस न्यूकॅसल येथे. मोर्न पर्वताच्या पायथ्याशी १८८९ मध्ये क्लब निघाला, तेव्हा स्कॉटलंडहून टॉम मॉरिस या वृद्ध वाकबगार माणसास आखणी करण्यासाठी बोलाविण्याचे ठरले, व खर्च चार पौंडांहून अधिक होऊ नये असा ठराव झाला. आज तेथे एक दिवस खेळण्याची फी ऐकून त्या ठरावाची आठवण झाल्याशिवाय राहात नाही. आगगाडीच्या कंपनीने १८९८ मध्ये तेथे प्रशस्त हॉटेल बांधले, आणि हेच या सर्व सुट्टीचे रहस्य होते. उन्हाळ्यात उतारू मिळत, इतर ऋतूंत गाड्या रिकाम्या धावत. वाळूवर बारमाही चालणारा खेळ कंपन्यांस ईश्वरी देणगीच वाटली. पोर्टरशचा क्लब १८८८ चा. तेथून जगप्रसिद्ध खडकांच्या ओटीकडे जाणारी, पाण्याच्या जोरावर काढलेल्या विजेने चालणारी ट्राम १८८३ पासून सुरू होती. या उत्तरेच्या मैदानांवर स्त्रियाही मोठ्या संख्येने खेळत. मे हेझलेट ही मुलगी १८९९ मध्ये ब्रिटिश स्त्रियांची अजिंक्य ठरली, तेव्हा तिचे वय अवघे सतरा वर्षांचे होते.

यानंतर डोनेगल परगणा. येथे थोडे थांबणे अवश्य आहे.

रोझापेना येथील वाळूचे मैदान लायट्रिमच्या अर्लच्या जहागिरीत होते. तिसरा अर्ल हा कुळांना हुसकून लावण्यात इतका कठोर होता की त्याचे नाव परगण्यात शिवीसारखे झाले. २ एप्रिल १८७८ रोजी मिलफर्ड गावाजवळ, रानाच्या कडेने त्याची गाडी जात असता दबा धरून बसलेल्या माणसांनी त्यास, त्याच्या कारकुनास व गाडीवानास ठार केले. गुन्हा कोणावरही शाबीत झाला नाही. परगण्यात साक्ष देण्यास कोणी पुढे येईना. पाठीमागून त्याचा पुतण्या अर्ल झाला. त्याचा स्वभाव निराळा होता. त्याने कुळांशी जुळते घेतले, मालाच्या ने-आणीसाठी ग्लासगोपर्यंत आगबोट सुरू केली, आणि या ओसाड किनाऱ्यावर लोकांस मजुरी मिळावी म्हणून हॉटेल व गोल्फचे मैदान यांची योजना केली. टॉम मॉरिसने १८९१ मध्ये आखणी करून दिली. अर्ल दुसऱ्याच वर्षी वारला. लाकडी हॉटेल त्याच्या पश्चात उघडले. इंग्लंडहून आलेला पाहुणा सायंकाळी तेथील व्हरांड्यात बसून समुद्राकडे पाहात असे, त्या वेळी पंधरा वर्षांपूर्वीचा तो खून ज्यांना चांगला ठाऊक होता अशी माणसे त्याचे सामान वाहात होती.

हा प्रकार एका जहागिरीपुरता नव्हता. १८७५ मध्ये बीडच्या शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात व पुणे जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांत शिरून कर्जरोखे जाळले. चार वर्षांनी आयर्लंडात मायकेल डॅव्हिटच्या पुढाकाराने कुळांचा लढा पेटला. दोन्हीकडे पिकाचे भाव, देणे व जमिनीवरून उठण्याची भीती हीच दुखणी होती. परंतु इकडे राग कागदावर निघाला व तिकडे तो माणसाला वाळीत टाकण्याच्या रूपाने निघाला. १८८० मध्ये मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट या कारभाऱ्याचे काम करण्याचे, त्याला माल विकण्याचे, त्याच्याशी बोलण्याचेही गावकऱ्यांनी बंद केले. त्याच्या आडनावाचाच इंग्रजीत शब्द झाला. पंचवीस वर्षांनी तोच शब्द वंगभंगाच्या वेळी हिंदुस्थानात आला, आणि लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत ‘बहिष्कार’ म्हणून त्याने मराठी घरांत प्रवेश केला.

पश्चिमेकडील क्लेअर परगण्यातही हीच स्थिती. १८८७ मध्ये बोडाइक येथे व १८८८ मध्ये किलरश येथे कुळांच्या घरांवर जप्तीचे पथक चालून गेले. किलरशला दारे व भिंती पाडण्यासाठी लाकडी ओंडक्याचे यंत्र आणले होते. त्याच परगण्यात लाहिंच येथे १८९२ मध्ये गोल्फचा क्लब निघाला, आणि त्याच्या उभारणीत लिमरिकच्या छावणीतील ब्लॅक वॉच पलटणीच्या अधिकाऱ्यांचा हात होता. छावणीवाले येथेही होतेच. पुढे हे मैदान शेळ्यांबद्दल प्रसिद्ध झाले. हवा बिघडणार असली की वाळूच्या टेकड्यांत चरणाऱ्या शेळ्या क्लबाच्या इमारतीच्या आडोशाला येत. त्यामुळे तेथील हवामापक यंत्र मोडले तेव्हा ‘शेळ्या पाहा’ अशी पाटी लावून काम भागविले गेले. ज्याने कळपामागे दिवस काढले आहेत त्याला या शोधाचे नवल वाटणार नाही.

शेवटचा मुक्काम केरी परगण्यात बॅलीबनियन. तेथे जाणाऱ्या आगगाडीसारखी गाडी दुसरीकडे क्वचितच झाली असेल. लार्टिग नावाच्या फ्रेंच गृहस्थाने अल्जीरियात उंटाच्या दोन्ही अंगांस समतोल ओझे टाकलेले पाहून, खांबांवर बसविलेल्या एकाच रुळावरून चालणारी गाडी योजिली. लमाणांचे तांडे बैलाच्या पाठीवर गोणी टाकून मीठ व धान्य नेत, तोच हा हिशेब. लिस्टोवेलपासून समुद्रापर्यंत ही गाडी १८८८ मध्ये सुरू झाली, आणि क्लब निघाला १८९३ मध्ये. गाडीच्या एका बाजूस लठ्ठ उतारू बसला तर दुसऱ्या बाजूस तसाच उतारू शोधावा लागे. एका बाजूस गाय चढविली की दुसरीकडे दोन वासरे घालावयाची, आणि परतताना वासरे एकेका बाजूस बसवावयाची, अशी गोष्ट तेथे अजून सांगतात. ही गाडी १९२४ मध्ये बंद पडली. आधीच्या यादवीत तिचे बरेच नुकसान झाले होते.

यादवीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट नमूद करणे योग्य होईल. १९०३ च्या कायद्याने सरकारी कर्ज घेऊन कुळांनी जमीनदारांच्या जमिनी विकत घेतल्या व तो तंटा बव्हंशी मिटला; परंतु देश १९२१ मध्ये दुभंगला आणि उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. न्यूकॅसल व पोर्टरश सीमेच्या एका बाजूस गेले, रोझापेना, लाहिंच व बॅलीबनियन दुसऱ्या बाजूस. १८९१ मध्ये स्थापन झालेली गोल्फ संघटना मात्र फुटली नाही. ती साऱ्या बेटाची एकच राहिली, व २०२१ मध्ये स्त्रियांच्या संघटनेशी एकरूप झाली. ज्या खेळाला राष्ट्रीय वृत्तीचे लोक साहेबाचा खेळ म्हणून नाके मुरडीत, त्या खेळाने जे सांभाळले ते राजकारणास साधले नाही; यात खेळाचे श्रेय किती व क्लबांतील सुखवस्तू मंडळीच्या परस्पर घरोब्याचे किती, हे सांगणे कठीण आहे. पोर्टरशचाच फ्रेड डॅली १९४७ मध्ये ब्रिटिश खुल्या सामन्यांत विजयी झाला, आणि ते सामने १९५१, २०१९ व २०२५ या साली पोर्टरशला भरले. २०१९ चा विजेता शेन लाऊरी सीमेच्या दक्षिणेकडचा. तरीही उत्तरेच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले.

महाराष्ट्रात असा सुट्टीचा आठवडा घालविण्याची जागा म्हणजे नाशिक. हवा कोरडी, मुंबईहून आगगाडी थेट. तेव्हा मुंबईचे साहेब लोक काठ्यांच्या पिशव्या घेऊन तिकडे जात. त्या दिवसांची खूण शहराच्या मध्यभागी ‘गोल्फ क्लब मैदान’ या नावात राहिली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याजवर अनंत कान्हेरे याने गोळ्या झाडल्या. अनंत औरंगाबादेस शिकत होता, म्हणजे बीडकरांच्या शेजारचाच. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला, कृष्णाजी कर्वे यास व विनायक देशपांडे यास फाशी देण्यात आले.

डोनेगलमध्ये किंड्रम येथे १९६० मध्ये एक क्रूस उभारण्यात आला. लायट्रिमच्या अर्लला मारणारे म्हणून ज्यांची नावे लोकांनी ऐंशी वर्षे आपसांत जपली, त्या तिघांचे ते स्मारक आहे. दोनच वर्षांनी रोझापेनाचे लाकडी हॉटेल जळाले. नंतर दुसरे बांधले गेले, व टॉम मॉरिसने आखलेल्या वाळूवर आजही लोक खेळतात. नाशिकच्या मैदानास हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे नाव देण्यात आले आहे. तेथे रणजी करंडकाचे सामने होतात. जुनी माणसे बोलताना त्यास अजून गोल्फ क्लबच म्हणतात.