पणतीभोवतीचे खळे

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी एक ठरलेला कार्यक्रम असे. अभ्यंगस्नान आटोपले की आजी आम्हां मुलांना ओसरीवर बोलावी आणि तुळशीवृंदावनापासून उंबऱ्यापर्यंत मांडलेल्या पणत्या मोजायला लावी. एखादी विझलेली असली तर ती पेटवण्याचा मान मोजणाऱ्याचा. १९५८ सालच्या दिवाळीत मोजणी संपली आणि आजी म्हणाली, "यंदा प्रत्येक पणतीला खळं पडलंय रे! चंद्राला पडतं तसं."

आम्ही डोळे ताणताणून पाहिले. आम्हांला खळेबिळे काही दिसेना. जे आपल्याला दिसत नाही ते आजीला दिसते, म्हणून उलट तिचा हेवाच वाटला. ते खळे म्हणजे मोतीबिंदूची पहिली चाहूल होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना कळायलाही पुढे वर्ष गेले.

आणि मग सुरू झाली ती औषधांची दिंडी. घरात दुखणे आले की आपल्याकडे वैद्य नंतर येतो, सल्ले आधी येतात. शेजारच्या काकूंनी मध सुचवला. तोही पोळ्यातून नुकता काढलेला. कोणी पांढऱ्या कांद्याचा रस मधात कालवून दिला. कोणी तुरटीचे पाणी, कोणी गुलाबपाणी, कोणी रात्रभर भिजवलेल्या त्रिफळ्याचे पाणी. पुनर्नव्याचे मूळ सहाणेवर मधात उगाळून झाले. सोप्यातल्या सहाणेला त्या वर्षी चंदनापेक्षा मुळ्याच जास्त लागल्या असतील. आजी सारे मुकाट्याने सोशी. कांद्याच्या रसाने डोळ्यांतून धारा लागल्या की काकू समाधानाने म्हणत, "बघा, घाण कशी निघतेय ती!"

पुष्कळ वर्षांनी, या रोगाचा इतिहास वाचताना, काकूंच्या त्या एका वाक्यात किती शतकांची समजूत साठली होती हे माझ्या ध्यानी आले. डोळ्यांत काहीतरी बाहेरचे साचले आहे आणि ते धुऊन, जाळून किंवा सोलून काढता येईल, ही ती समजूत. युरोपातल्या वैद्यांना वाटे, मेंदूतून एक द्रव खाली उतरतो आणि बाहुलीमागे गोठतो. लॅटिनमधून आलेले रोगाचे नाव, 'कॅटॅरॅक्ट', याचा मूळ अर्थच धबधबा. अरब वैद्यही त्याला 'उतरलेले पाणी' म्हणत. कॅथलिक बायबलातल्या टोबितच्या गोष्टीत तर मुलगा आंधळ्या बापाच्या डोळ्यांना माशाचे पित्त लावतो आणि पांढरा पापुद्रा सोलून निघतो. वसईच्या किंवा गोव्याच्या एखाद्या ख्रिस्ती आजीने ही गोष्ट नातवंडांना नक्की सांगितली असेल.

आपल्याकडची निवळीची बी याच कुळातली. गढूळ पाण्याच्या मडक्यात ही बी उगाळून घातली की गाळ तळाशी बसतो आणि पाणी नितळ होते, हा अनुभव खराच आहे. मग मडके निवळते तर डोळा का निवळू नये? जुन्या वैद्यकग्रंथांत निवळीची बी मधात उगाळून अंजन करायला सांगितले आहे. तर्क किती सुबक! त्यात उणीव एवढीच की डोळ्यात मडक्यासारखा गाळ नसतो.

मग असते तरी काय? याचे खरे उत्तर मिळायला १७०५ साल उजाडावे लागले. पिएर ब्रिसो नावाच्या फ्रेंच वैद्याने मोतीबिंदू असलेल्या एका मृत सैनिकाचा डोळा उघडून पाहिला. त्याला पापुद्रा दिसला नाही की गोठलेले पाणी दिसले नाही. बाहुलीमागचे नैसर्गिक भिंगच गढूळ झालेले होते. पॅरिसच्या पंडितांना ते लवकर पटले नाही, पण गोष्ट खरी होती. हे भिंग पाणी आणि प्रथिने यांचे बनलेले असते. वयोमानाने, मधुमेहाने, उन्हातल्या अतिनील किरणांनी, तंबाखूच्या धुराने ती प्रथिने बिघडतात, एकमेकांना चिकटतात आणि प्रकाश विखुरतो. पणतीभोवती खळे दिसते ते यामुळेच.

आता आपल्या सुश्रुताकडे वळू. 'आमच्या पूर्वजांनी झाडपाल्याने डोळे बरे केले' असे म्हणणाऱ्यांनी त्याच्या संहितेच्या उत्तरतंत्रातला सतरावा अध्याय अवश्य पाहावा. आरंभीच्या तिमिरासाठी तो तुपे, काढे, अंजने सांगतो. पण कफाने दृष्टी झाकली गेली, म्हणजे ज्याला तो लिंगनाश म्हणतो त्या पायरीला रोग आला, की तो अंजनाची डबी बाजूला ठेवून शलाका उचलतो. फार ऊन नाही, फार थंडी नाही असा काळ निवडायचा. रोग्याने स्वतःच्या नाकाकडे पाहायचे. उजवा डोळा वैद्याने डाव्या हाताने आणि डावा डोळा उजव्या हाताने वेधायचा. नंतर तूप लावून पट्टी बांधायची, रोग्याला उताणे निजवायचे आणि शिंक, खोकला, ढेकर यांना मज्जाव करायचा. डोळ्यावर स्त्रीचे दूध शिंपडण्याचा उपचारही तेथे आहे; पण तो शलाकेच्या सोबतीला, तिच्या जागी नव्हे. जगातल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या अगदी जुन्या वर्णनांपैकी हे एक आहे.

ही विद्या पुढे गावोगाव फिरणाऱ्यांच्या हाती गेली. उत्तरेत त्यांना सथिये म्हणत. सुईने भिंग बाहुलीमागून खाली लोटायचे, एवढीच क्रिया. आडवा आलेला पडदा खाली पडताच म्हाताऱ्याला उजेड दिसे. समोरची बोटे मोजता येत. घरचे लोक आनंदाने पैसे, धान्य, लुगडे हाती देत. पट्टी बऱ्याच दिवसांनी सोडायची असे बजावून तो पुढच्या गावाला जाई. डोळा सुजला, पिकला, कायमचा गेला, तर ते पाहायला तो तेथे नसे. मद्रासचे नेत्रवैद्य रॉबर्ट हेन्री एलियट यांनी अशा बिघडलेल्या डोळ्यांचा अभ्यास करून १९१७ साली लंडनला व्याख्याने दिली आणि पुढे त्यांचे पुस्तक केले. मात्र हा केवळ आपल्याकडचा दोष समजू नये. जॉन टेलर नावाचा इंग्रज फिरता नेत्रवैद्य याच तऱ्हेने युरोपभर हिंडे. १७५० साली लाइपझिग येथे त्याने थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. बाखची दृष्टी गेली, प्रकृती ढासळली आणि त्याच वर्षी २८ जुलै रोजी त्याचा अंत झाला.

त्याच शतकात एक चांगली गोष्टही घडली होती. १७४७ साली झाक दाविएल या फ्रेंच शल्यवैद्याने भिंग आतल्या आत लोटण्याऐवजी डोळ्याला छेद देऊन ते बाहेर काढले. तेथून आजच्या शस्त्रक्रियेची वाट सुरू झाली.

या वाटेवर एक मराठी राजाही भेटतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तंजावरचे सरफोजी राजे भोसले (१७७७ ते १८३२) ग्रंथप्रेमी म्हणून प्रसिद्ध आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयाशी त्यांचे नाव कायमचे जोडलेले आहे. पण त्यांनी धन्वंतरी महाल नावाची वैद्यकशाळाही चालवली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एकत्र नांदत. राजे नेत्ररोग्यांवर स्वतः उपचार करीत, मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही करीत, आणि रोग्यांच्या नोंदी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह ठेवीत. त्या नोंदी तंजावरात जपल्या गेल्या आहेत. फिरता सुईवाला आणि हा राजा यांच्यातला फरक मला त्या नोंदींत दिसतो. एक पट्टी सुटण्याआधी गाव सोडतो. दुसरा पट्टी सुटल्यावर काय झाले ते लिहून ठेवतो. खरे वैद्यक कोठले, याची याहून सोपी परीक्षा नाही.

असो. आपण पुन्हा आजीकडे येऊ.

काकूंच्या मधाने एकदा चमत्कारच केला. आजी चाळिशी न लावता पोथी वाचू लागली! गल्लीभर बोभाटा झाला. मधाची बाटली देव्हाऱ्याशेजारी जाऊन बसली. खरा प्रकार असा, की भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला म्हणजे डोळ्याचा नंबर बदलतो आणि काही म्हाताऱ्या माणसांना जवळचे बिनचष्म्याचे दिसू लागते. मोतीबिंदू वाढल्याचे ते लक्षण. पण श्रेय मिळते मधाला. थोड्या महिन्यांत ही उसनी दृष्टी ओसरते. घरगुती उपायांची कीर्ती कशी टिकून राहते, याचे अर्धे गुपित येथे आहे.

उरलेले अर्धे गुपित 'पिकू द्या' या दोन शब्दांत आहे. मोतीबिंदू पूर्ण पिकल्यावाचून तेव्हा शस्त्रक्रिया करीत नसत, कारण कच्चे भिंग सबंध निघत नसे आणि त्याचा चोथा आत राहून डोळा बिघडे. पिकेपर्यंत वर्ष जाई, दोन वर्षे जात. घरच्या माणसाला रोज थोडे कमी दिसते आहे आणि आपण हात बांधून बसलो आहोत, हे कोणाला सोसवेल? त्या रिकाम्या वर्षांत मध आला, कांदा आला, निवळी आली. मायेला काहीतरी करायला हवे होते. काकूंना मी आज हसत नाही, ते त्यासाठीच.

पण मायेच्या पाठोपाठ लोभही येतो. १९६० च्या उन्हाळ्यात एक औषधवाला गावात आला आणि त्याने आजीच्या उजव्या डोळ्यात कसलीशी काळी पूड घातली. तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, आठवड्यात बुबुळावर जखम झाली, आणि जखम भरली ती पांढरे फूल ठेवून. पुढे अण्णांनी तिला पुण्याला नेले. डॉक्टर वयस्क होते. ते म्हणाले, "आजीबाई, हा मोती डोळ्यावर नाही, डोळ्याच्या आत आहे. वरून घातलेलं तिथे पोचत नाही. आणि नासलेल्या दुधाचं पुन्हा दूध होतं का? तसंच हे भिंग." डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. उजव्याचा मोतीबिंदूही काढता आला असता. पण पुढची काचच पांढरी झालेली. तो डोळा मोतीबिंदूने गेला नाही, औषधाने गेला.

शस्त्रक्रियेनंतर डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून आजीला दिवसचे दिवस निश्चल निजवले होते. मग आला तो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, कारण भिंग काढले तरी त्या जागी दुसरे बसवण्याची सोय आपल्याकडे तेव्हा नव्हती. तिकडे लंडनला मात्र हॅरोल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिले कृत्रिम भिंग बसवले होते. युद्धात विमानांच्या काचेसारख्या प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले, तरी डोळ्याने ते निमूट सोसले, हे त्यांनी पाहिले होते. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून शोषून काढण्याची रीत आणली. १९७६ साली मदुरेला डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी अकरा खाटांनिशी अरविंद नेत्रालय उघडले, आणि १९९२ पासून त्यांच्याच संस्थेच्या ऑरोलॅबने भिंगे गरिबाला परवडतील अशा किमतीत इथेच बनवली. आपल्या मराठवाड्यातून आलेल्या डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या सरकारी रुग्णालयात आणि गावोगावच्या शिबिरांत एवढ्या शस्त्रक्रिया केल्या की त्यांची गणती लाखाच्या घरात गेली.

आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. रोजच्या कामाला अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रिया करता येते. बहुधा त्याच दिवशी घरी येता येते. ज्या वाट पाहण्यातून घरगुती औषधे जन्मली, ती वाटच उरली नाही. तरीही २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत, पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वाचे सुमारे दोनतृतीयांश कारण मोतीबिंदूच निघाले. थेंबांनी किंवा जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी तो विरघळतो असे अद्याप सिद्ध झालेले नाही. घरी करण्यासारखे आहे ते एवढेच: उन्हात टोपी किंवा काळा चष्मा, तंबाखूला रजा, मधुमेहावर नजर, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून डोळ्यात कोणताही थेंब नाही.

१९६१ च्या दिवाळीत आजी जाड चष्मा लावून ओसरीवर बसली. मोजणी तिने स्वतः केली. "सत्तावीस," ती म्हणाली, "आणि खळं नाही कुठं." मग उजव्या हाताची पणती तिच्या नजरेतून सुटली असे मी सांगितल्यावर तिने सबंध मान वळवली, ती पाहिली आणि म्हणाली, "अठ्ठावीस." त्यानंतर मरेपर्यंत उजवीकडचे काही पाहायचे तर तिला अशीच मान वळवावी लागे.

वाचकहो, यंदा पणत्या लावताना घरातल्या वडीलधाऱ्यांना सहज विचारा, दिव्याभोवती खळे तर दिसत नाही ना? दिसत असेल तर फराळ आटोपून त्यांना नेत्रवैद्याकडे घेऊन जा. आणि मधाची बाटली स्वयंपाकघरातच राहू द्या.