डेटम-बदल आणि भूमापकांचे जीपीएस नियंत्रण-जाळे

भूगणितीय डेटम म्हणजे पृथ्वीवरच्या बिंदूचे अक्षांश, रेखांश आणि उंची ज्या चौकटीत मोजतात ती चौकट. ध्रुवांपाशी किंचित चपटा असा गणिती गोल (विवृत्ताभ) किती मोठा घ्यायचा, त्याचा मध्य कुठे ठेवायचा, अक्ष कसे लावायचे आणि ही जुळणी कोणत्या तारखेची मानायची, हे सगळे डेटममध्ये ठरलेले असते. यातले काहीही बदलले की जमिनीत रोवलेली खूण जागची न हलता तिचे सहनिर्देशक बदलतात. भूमापकांनी वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांतून उभारलेले नियंत्रण बिंदूंचे जाळे अशा वेळी निकामी होत नाही, पण त्याचे आकडे नव्या चौकटीत नीट बसवून घ्यावे लागतात.

जुने डेटम त्या त्या देशापुरते जुळवलेले होते. भारताचे त्रिकोणमापन विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून सुरू केले. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये आजच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नावाचा १८३० चा विवृत्ताभ आणि मध्य प्रदेशातील कल्याणपूरचा आरंभबिंदू यांवर भारताचे नकाशे पुढे दीड शतकाहून अधिक काळ बेतले गेले. जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ या विवृत्ताभाची विषुववृत्तीय त्रिज्या एव्हरेस्टच्या त्रिज्येपेक्षा सुमारे साडेआठशे मीटरने मोठी आहे, आणि त्याचा मध्य पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राशी ठेवलेला आहे. त्यामुळे महाराष्ट्रात एकाच खुणेची या दोन डेटममधली स्थाने शंभराहून अधिक मीटरनी वेगळी येतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आणले.

डेटम बदलावा लागण्याचे दुसरे कारण भूपट्टांच्या हालचालीचे. आंतरराष्ट्रीय स्थलीय संदर्भचौकट, म्हणजे आयटीआरएफ, कोणत्याही एका भूपट्टाला बांधलेली नाही. तिच्या संदर्भात भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. वीस वर्षांत हे सरकणे मीटरभर होते. म्हणून सहनिर्देशकांसोबत ते कोणत्या तारखेचे, म्हणजे त्यांचा कालबिंदू (एपॉक) कोणता, हेही नोंदवावे लागते.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण : डेटम-बदल जाळ्यावर नेमका कसा उमटतो हे पाहायला याहून स्वच्छ उदाहरण नाही. तिथला जीडीए ९४ हा डेटम १ जानेवारी १९९४ च्या स्थितीवर गोठवलेला होता. ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट वर्षाला सुमारे ७ सेंटीमीटर सरकतो. त्या हिशेबाने २६ वर्षांचे अंतर १.८ मीटर होते; ते जमेस धरून जीडीए २०२० हा नवा डेटम आला. जुन्या नियंत्रण बिंदूंचे आकडे ईशान्येकडे तेवढेच सरकले.

मात्र १० किलोमीटर अंतरावरचे दोन बिंदू घेतले, तर त्यांच्यामधल्या रेषेची लांबी डेटम बदलल्याने मिलिमीटरभरही बदलत नाही. दिशेत पडणारा फरक त्या अंतरावर फार तर काही मिलिमीटरचा. दोन रिसीव्हरांमधली ही रेषा, म्हणजे बेसलाइन, हेच जीपीएस जाळ्याचे खरे मोजमाप आहे. सहनिर्देशक हा त्यावरून काढलेला निष्कर्ष. डेटम-बदलाने निष्कर्ष बदलतो, मोजमाप नाही. जाळे वाचवण्याची सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे.

गफलत होते ती दोन डेटम एकाच कामात आले की. समजा, एका दिवशी भूमापकाने जुन्या खुणेवर बेस (स्थिर रिसीव्हर) लावून जीडीए ९४ चे आकडे भरले आणि दुसऱ्या दिवशी रोव्हरला (फिरत्या रिसीव्हरला) इंटरनेटवरून जीडीए २०२० मधली दुरुस्ती घेतली, तर दोन दिवसांचे काम १.८ मीटरनी फाटते. एवढा फरक निदान लक्षात तरी येतो. पण कामाच्या जागी साइट कॅलिब्रेशन, म्हणजे मोजलेले आकडे तिथल्या खुणांशी जुळवून घेणे, केले असेल तर सॉफ्टवेअर हा फरक निमूटपणे पोटात घेते. त्या आवारात सगळे जुळते, आणि शेजारचा प्रकल्प जोडायची वेळ आली की मगच चूक उघडी पडते.

उंचीची चूक अधिक फसवी आहे. जीडीए २०२० मध्ये विवृत्ताभावरची उंची सुमारे ९ सेंटीमीटरने कमी येते, मात्र समुद्रसपाटीशी जोडलेला राष्ट्रीय उंचीचा डेटम बदललेला नाही. म्हणून नव्या डेटमसोबत या दोन उंचींमधला फरक देणारे ऑसजिऑइड २०२० हेच जिऑइड प्रारूप वापरावे लागते. जुने ऑसजिऑइड ०९ तसेच राहिले तर उंची ९ सेंटीमीटरने चुकते. १:२०० उताराच्या सांडपाण्याच्या नळात ९ सेंटीमीटर म्हणजे १८ मीटर लांबीतला सगळा उतार.

अमेरिका : तिथल्या डेटमची नॅड ८३ या एकाच नावाखाली १९८६ नंतर अनेक फेरसमायोजने (निरीक्षणांवरून आकडे पुन्हा काढणे) झाली, २००७ आणि २०११ ची त्यांतली अलीकडची. या दोहोंतला आडवा फरक बहुतेक ठिकाणी दोनेक सेंटीमीटरचा. हद्दीच्या मोजणीत तो सहज निरीक्षणाची चूक म्हणून खपून जातो, आणि जुन्या फाइलवर नुसते ‘नॅड ८३’ लिहिलेले असेल तर कोणते आकडे कुठले हे नंतर सांगता येत नाही. मीटरच्या फरकापेक्षा हा निनावी, बारीक फरक जाळ्याला जास्त घातक असतो. नॅड ८३ चा मध्य पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्रापासून सुमारे दोन मीटर दूर आहे. तो दोष काढण्यासाठी तिथे नॅटआरएफ २०२२ ही नवी चौकट आखली गेली.

भूकंपानंतरचा बदल : ११ मार्च २०११ च्या भूकंपात जपानच्या ओशिका द्वीपकल्पावरचे स्थिर जीपीएस केंद्र सुमारे ५.३ मीटर सरकले, तर टोकियोतला राष्ट्रीय आरंभबिंदू सुमारे २८ सेंटीमीटर. इथे खुणा खरोखरच हलल्या होत्या, त्याही प्रत्येक ठिकाणी वेगळ्या प्रमाणात. बेसलाइनच बदलल्यामुळे अशा प्रदेशात कोणतेही एक सूत्र पुरत नाही. पुन्हा मोजावे लागते किंवा जागोजागीच्या सरकण्याचा तक्ता वापरावा लागतो. त्याच वर्षी जपानने जेजीडी २०११ जाहीर केला.

जाळे नव्या डेटमवर नेणे : मूळ निरीक्षणे हाताशी असतील तर फेरसमायोजन हाच उत्तम मार्ग. काही अधिकृत बिंदूंचे नवे सहनिर्देशक स्थिर धरायचे आणि जुन्या बेसलाइन घेऊन लघुतम वर्ग पद्धतीने बाकीचे बिंदू नव्याने काढायचे. जुन्या डेटमच्या बिंदूंमधला ताण (आपसातली विसंगती) आपल्या जाळ्यात शिरला असेल तर तोही यात निघून जातो. निरीक्षणे नसतील तर सात प्राचलांचे रूपांतर किंवा ग्रिड फाइल (जागोजागीच्या बदलांचा तक्ता) वापरतात. सात प्राचले सगळे जाळे एकसंध सरकवतात, फिरवतात आणि लहानमोठे करतात; स्थानिक ताण मात्र तसाच राहतो. तो दुरुस्त करणारी ग्रिड वेगळी मिळते. तिच्यातून आणि साध्या ग्रिडमधून येणारी उत्तरे वेगळी असू शकतात, म्हणून कोणती फाइल वापरली हे अहवालात लिहिलेच पाहिजे. कोणत्याही रीतीने गेले तरी रूपांतरात न वापरलेल्या दोन-तीन ज्ञात खुणांवर प्रत्यक्ष जाऊन पडताळा घ्यावा.

हद्दींचा प्रश्न वेगळा आहे. शेताची हद्द डेटम बदलल्याने सरकत नाही. जमिनीवरची मूळ खूण हाच पुरावा, आणि सहनिर्देशक ती खूण पुन्हा शोधण्याचे साधन.

महाराष्ट्रात भूमी अभिलेखाची मोजणी शंकूसाखळी आणि प्लेन टेबलवरून आता रोव्हर आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स (अखंड चालणाऱ्या संदर्भ) केंद्रांवर आली आहे. आज घेतलेले आकडे उद्याच्या डेटमवर न्यावेच लागणार आहेत. म्हणून रोव्हरने मोजलेल्या प्रत्येक गटाच्या नोंदीत डेटमचे नाव, कालबिंदू, दुरुस्ती देणारे केंद्र, अँटेनाची उंची आणि उंचीसाठी वापरलेले जिऑइड प्रारूप भूकरमापकाने लिहावे, आणि कच्च्या निरीक्षणांच्या फाइल कार्यालयाने नकाशाइतक्याच जपाव्यात.