गावातल्या कामाचा ठेका नियम मोडून दिला? दाद कुठे मागायची, जाणून घ्या

नागपूर : पांधण रस्ता झाला, बिल निघालं, अन् पहिल्याच पावसात गिट्टी उघडी पडली. मग पारावर चर्चा, ‘ठेका कोणाला गेला होता?’ नुसत्या चर्चेनं काही होत नाही. कायद्यात मार्ग आहेत, ते असे.

१) आधी कागद हातात घ्या
माहिती अधिकारात (कायदा २००५) अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला माफ. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. निविदा सूचना, निविदांचा तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका (एमबी) मागा. कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क याच कायद्यात आहे. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं.

२) ठेका सदस्याच्याच घरात?
ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा स्वतःचा किंवा त्याच्या भागीदाराचा हिस्सा असेल, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली तो अपात्र ठरू शकतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, पुराव्यासह.

३) पैसे खाल्ल्याचा संशय
लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री १०६४. अधिकाऱ्याच्या निर्णयाची चौकशी करायला २०१८ पासून सरकारची पूर्वमंजुरी लागते. म्हणून तक्रारीला कागद जोडाच.

४) हायकोर्ट
राज्यघटनेच्या कलम २२६ खाली नागपूर खंडपीठात रिट किंवा जनहित याचिका करता येते. ठेका कोणाला द्यावा हे कोर्ट ठरवत नाही, देताना नियम पाळले का ते बघते. उशीर केला अन् काम संपलं, तर कोर्ट आधी उशिराचं कारण विचारते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

गोसीखुर्दचा धडा
१९८८ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा खर्च ३७२ कोटी धरला होता. पुढे तो हजारो कोटींवर गेला. विदर्भातल्या सिंचन ठेक्यांवर ‘जनमंच’ संस्था २०१२ मध्ये नागपूर खंडपीठात गेली. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारने चौकशी मान्य केली, पुढे अधिकारी-ठेकेदारांवर गुन्हेही नोंदले गेले. पण तोवर बिलं निघून गेली होती.

म्हणून मंडळी, अर्ज बिल निघायच्या आधी टाका. पोच मात्र सांभाळून ठेवा.