वाचनाचे वय

शाळा सुटली की पुस्तक सुटते, हा आपल्याकडचा नित्याचा अनुभव आहे. ग्रंथपालाच्या नात्याने आम्हांला तो फार जवळून येतो. सभासदांच्या नोंदवहीत विद्यार्थ्यांची नावे भरपूर असतात. परीक्षा आटोपली की त्यांतील बहुतेकांची पावले पुन्हा ग्रंथालयाकडे वळत नाहीत. त्यांच्या आयांपुढे एखादे पुस्तक ठेवावे, तर ‘आता या वयात काय वाचायचे?’ असे उत्तर मिळते. शिकण्याचे एक वय असते आणि ते एकदा सरले की सरले, अशी समजूत या उत्तरामागे आहे. नाशिकचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने स्थापन झाले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते १८५७ साली. म्हणजे विद्यापीठाच्या पदव्या येण्यापूर्वी १७ वर्षे या गावात वाचनालय होते. विद्यापीठाची परीक्षाच नव्हती, तेव्हा तिच्यासाठी कोण वाचणार? ज्यांना जग जाणून घ्यावयाचे होते, त्यांच्यासाठी ती सोय होती. तथापि वाचनालयाचे दार उघडले म्हणून सर्वांना वाचता आले, असे नव्हे. त्या काळी बहुसंख्य घरांत स्त्रियांना अक्षरओळखही नव्हती.

अशाच एका घरात, नाशिकजवळच्या जलालपूर या खेड्यात, १८६८ साली लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वयाच्या अकराव्या वर्षी, १८८० साली, नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह झाला. शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. लिहिणे-वाचणे त्या लग्नानंतर, पतीकडून, संसार सांभाळता सांभाळता शिकल्या. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या दांपत्याची ताटातूट झाली. स्वतःच्या मनाशी पुष्कळ झगडून लक्ष्मीबाईंनीही १९०० साली बाप्तिस्मा घेतला. टिळक कुटुंब कॅथलिक पंथाचे नव्हते. पण मराठी ख्रिस्ती साहित्याचा विचार करताना त्यांना वगळून कोणालाच पुढे जाता येत नाही.

टिळक १९१९ साली निवर्तले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी पन्नाशी ओलांडली होती. प्रभू येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे काम टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ या नावाने हाती घेतले होते. ते सुमारे अकरा अध्यायांवर थांबले. त्या काळच्या विधवेकडून कोणी अशा कामाची अपेक्षा केली नसती. लक्ष्मीबाईंनी ते काम उचलले आणि साठाहून अधिक अध्याय रचले. येशूचे चरित्र ओवीत आणावयाचे, तर शुभवर्तमानांची किती पारायणे झाली असतील, याची वाचकांनीच कल्पना करावी. त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. दरम्यान १९३३ साली नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली, त्या वेळी त्या ६६ वर्षांच्या होत्या. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत आज त्या ग्रंथाची गणना होते. १९३६ साली नाशिक येथेच त्यांचे देहावसान झाले.

लक्ष्मीबाईंना जन्मतः प्रतिभेची देणगी होती, असे म्हणून हा विषय संपविता येईल. आमच्या मते मात्र येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. घरातच कोणीतरी त्यांच्या हाती पुस्तक दिले. ते दिले नसते, तर जलालपूरच्या त्या मुलीची बुद्धी चुलीपाशीच राहिली असती. अशा किती बुद्धी राहून गेल्या, याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

आपल्या कॅथलिक परंपरेतही हाच धडा आहे. १५२१ साली पाम्प्लोना येथील लढाईत जखमी झालेले इग्नाशियस लोयोला घरी अंथरुणाला खिळून होते. त्यांनी शूर सरदारांच्या अद्भुत कथा वाचावयास मागितल्या. घरात तशी पुस्तके नव्हती. होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रे. तीच त्यांना मिळाली आणि त्यांचे आयुष्य पालटले. मागितलेले पुस्तक नसले, तरी वाचकाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, हा बोध ग्रंथपालांनी यातून अवश्य घ्यावा. पुढे १५२४ साली, वयाच्या सुमारे तेहतिसाव्या वर्षी, हा पूर्वीचा योद्धा बार्सिलोनात लहान मुलांच्या बरोबरीने लॅटिनचे प्राथमिक धडे गिरवू लागला. पॅरिस विद्यापीठाची पदवी मिळाली, तेव्हा त्यांची चाळिशी उलटून गेली होती.

नाशिकच्या मातीला ही परंपरा परकी नाही. ज्यांची शाळा किंवा महाविद्यालय अर्ध्यावर सुटले, त्यांना पुन्हा शिकता यावे म्हणून १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ याच शहरात आहे. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९८७ साली, आपला नाशिक धर्मप्रांत अस्तित्वात आला. पदवीसाठी पुन्हा शिकणाऱ्यांची सोय तर झाली. ज्यांना पदवी नको, केवळ शहाणपण हवे, त्यांची सोय आपल्या धर्मग्रामांनी करावयाची आहे.

त्यासाठी इमारत लागत नाही. कित्येक धर्मग्रामांत पुस्तकांचे एखादे कपाट असतेच. संतचरित्रे, ‘स्मृतिचित्रे’, १९०३ साली सुरू झालेल्या ‘निरोप्या’चे जुने अंक, आरोग्य, शेती, कायदा यांवरील साध्या मराठीतील पुस्तके एवढी सामग्री आरंभाला पुरेशी आहे. रविवारच्या मिस्सानंतर अर्धा तास कपाट उघडून बसणारा एक माणूस मात्र हवा. कोणाला काय आवडते, कोणाची दृष्टी मंदावली आहे, कोणत्या आजींना वाचून दाखवावे लागेल, हे त्याला ठाऊक असावे. मोबाइलवर आज वाचावयास हवे तेवढे मिळते. पण आपल्याला ओळखून ‘हे तुम्ही वाचा’ असे म्हणणारा शेजारी तेथे नसतो.

आम्ही स्वतः रोज सकाळचा अर्धा तास कामाशी संबंध नसलेल्या वाचनासाठी राखून ठेवला आहे. पुस्तकांची देवघेव करणाऱ्यालाही वाचनासाठी वेळ काढावाच लागतो. तो आपोआप मिळत नाही. वाचकांनीही आपल्या घरात असा अर्धा तास ठरवावा. त्यातील पहिले पुस्तक, ‘आता या वयात काय वाचायचे?’ असे म्हणणाऱ्या माउलीच्या हाती द्यावे. लक्ष्मीबाईंची उत्तम लेखणी साठीनंतर चालली, एवढे तिला सांगितले तरी पुरे.