डोळ्याचा 'विशेषाधिकार' आणि डॉ. रेचल कॅस्पी यांचे संशोधन

शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारयंत्रणाच कधी कधी शरीरावर उलटते. सांध्यांवर उलटली की संधिवात होतो, स्वादुपिंडावर उलटली की बालवयातील मधुमेह. हाच हल्ला डोळ्याच्या आत झाला, तर दृष्टी जाण्याचा धोका उद्भवतो. डोळ्यातील रक्तवाहिन्यांनी समृद्ध अशा मधल्या थराला 'युव्हिया' म्हणतात आणि त्याच्या दाहाला 'युव्हिआयटिस'. दाह मागील भागात असेल तर दृष्टिपटलालाही इजा होते. दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. अमेरिकेतील अंधत्वाच्या सुमारे १० टक्के प्रकरणांना हा विकार कारणीभूत असल्याचा अंदाज दिला जातो. त्यातही रुग्ण बहुधा ऐन कर्त्या वयातील असतो.

प्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीने डोळा हा वेगळाच अवयव होय. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९४८ मध्ये असे दाखविले, की एरवी शरीर जी परकी त्वचा नाकारते, ती डोळ्याच्या पुढील पोकळीत काही परिस्थितीत टिकू शकते. पुढे १९६० मध्ये मेडावार यांना प्रतिकारशास्त्रातील कार्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. डोळ्याच्या या सवलतीला 'प्रतिकारशास्त्रीय विशेषाधिकार' असे नाव पडले. रक्त आणि दृष्टिपटल यांच्यामधील घट्ट अडसरामुळे प्रतिकारपेशींना आत सहज प्रवेश मिळत नाही. दाहामुळे या नाजूक अवयवाची हानी होऊ नये, यासाठीची ही निसर्गाची तजवीज मानली जाते.

मात्र या सवलतीला दुसरी बाजू आहे. ब्रेल लिपीचे जनक लुई ब्रेल यांच्या एका डोळ्याला वयाच्या तिसऱ्या वर्षी, वडिलांच्या चामडेकामाच्या दुकानात, आरीने इजा झाली. पाचव्या वर्षापर्यंत त्यांचे दोन्ही डोळे गेले. दुसऱ्या डोळ्याला झालेला हा विकार म्हणजे 'सहानुभूतीजन्य नेत्रदाह' असावा, असे अनेक नेत्रतज्ज्ञांचे मत आहे. जखमेमुळे एका डोळ्यातील प्रथिने प्रतिकारपेशींसमोर उघडी पडतात. या पेशी त्यांना परके समजतात आणि मग निरोगी डोळ्यावरही चाल करून जातात.

ही चाल नेमकी कशी घडते, याचा शोध अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय नेत्र संस्थेत डॉ. रेचल कॅस्पी यांनी अनेक दशके घेतला. या विकाराचा अभ्यास पूर्वी प्रामुख्याने गिनीपिग, ससे आणि उंदराची मोठी जात असलेल्या रॅटवर होत असे. १९८८ मध्ये कॅस्पी व त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या उंदरांमध्ये, म्हणजे माऊसमध्ये, तो निर्माण करून दाखविला. त्यासाठी त्यांनी दृष्टिपटलातील 'आयआरबीपी' हे प्रथिन वापरले. प्रकाशग्राही पेशी आणि त्यांच्यामागील रंजक थर यांच्यात जीवनसत्त्व 'अ'ची संयुगे ने-आण करण्याचे काम हे प्रथिन करते. माऊसच्या जनुकांत हवे ते बदल करता येत असल्याने, रोगाचा एकेक दुवा वेगळा काढून तपासण्याची सोय या प्रारूपामुळे झाली.

त्यातून पहिली समजूत मोडली. डोळ्यातील प्रथिने प्रतिकारयंत्रणेला पूर्णतः अज्ञात असतात, असे पूर्वी मानले जाई. कॅस्पी यांच्या गटाने २००३ मध्ये दाखविले, की छातीतील थायमस ग्रंथीतही 'आयआरबीपी' अल्प प्रमाणात तयार होते आणि त्यावर हल्ला करू शकणाऱ्या पुष्कळशा टी पेशी तेथेच बाद होतात. ही चाळणी अपुरी पडते तेव्हा काही धोकादायक पेशी रक्तात फिरत राहतात. २००८ मध्ये याच गटाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. 'टीएच-१' आणि 'टीएच-१७' या टी पेशींच्या दोन्ही प्रकारांपैकी कोणताही एक स्वतंत्रपणे हा रोग घडवू शकतो. म्हणजे एक वाट अडविली तरी दुसरी उरते.

मग प्रश्न उरला तो असा: अडसरापलीकडच्या प्रथिनाशी गाठ पडलेली नसताना या निद्रिस्त पेशी जाग्या होतात कोठे? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी त्याचे अनपेक्षित उत्तर दिले. ज्यांच्या टी पेशी मुळातच 'आयआरबीपी'विरुद्ध रोखलेल्या होत्या, अशा उंदरांना आपोआप युव्हिआयटिस होत असे. प्रतिजैविके देऊन त्यांच्या आतड्यातील जीवाणू कमी केल्यावर रोग सौम्य झाला. जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांतही तेच दिसले. 'आयआरबीपी' अजिबात नसलेल्या उंदरांच्या आतड्यातही या पेशी जागृत झालेल्या आढळल्या. याचा अर्थ, जीवाणूंचा एखादा घटक डोळ्यातील प्रथिनासारखा भासत असावा. आतड्यात जागृत झालेल्या पेशी अडसर ओलांडून दृष्टिपटलापर्यंत पोचू शकतात.

म्हणून जीवाणू हे सरसकट शत्रू ठरत नाहीत. कॅस्पी यांच्याच प्रयोगशाळेने २०१७ मध्ये उंदरांच्या डोळ्याच्या पृष्ठभागावर राहणारा एक निरुपद्रवी जीवाणू शोधला. तो स्थानिक प्रतिकारपेशींना सतत जागते ठेवतो आणि बुरशी व घातक जंतूंपासून डोळ्याचे रक्षण करतो. तेव्हा उंदरांवरील या निष्कर्षांवरून कोणी प्रतिजैविकांचा आश्रय घेणे घातकच ठरेल.

उपचारांच्या दृष्टीने या संशोधनाला मोठे मोल आहे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्यास मोतीबिंदू आणि काचबिंदूचा धोका वाढतो. १९८०च्या दशकात याच संस्थेतील डॉ. रॉबर्ट नुसेनब्लॅट यांनी सायक्लोस्पोरिनचा वापर रूढ केला. २०१६ मध्ये अमेरिकेत अॅडॅलिमुमॅब या जैविक औषधाला प्रौढांमधील काही प्रकारच्या असंसर्गजन्य युव्हिआयटिससाठी मान्यता मिळाली. मात्र 'टीएच-१७' पेशींचे अस्त्र निकामी करणाऱ्या सेक्युकिनुमॅबच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत मुख्य उद्दिष्ट साध्य झाले नाही. शिवाय ही सर्व औषधे कमी-अधिक प्रमाणात संपूर्ण शरीराचीच प्रतिकारशक्ती दडपतात. भारतात हा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण येथे क्षयरोग हेही युव्हिआयटिसचे एक महत्त्वाचे कारण आहे. संसर्ग नाही याची खात्री न करता अशी औषधे दिल्यास सुप्त क्षय बळावू शकतो. डोळा लाल होणे, दुखणे, उजेड सहन न होणे, धूसर दिसणे किंवा नजरेसमोर काळे ठिपके तरंगणे, अशी लक्षणे दिसताच नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दृष्टी वाचविण्यासाठी संपूर्ण शरीराचे संरक्षण पणाला लावावे लागू नये, हे या क्षेत्रातील संशोधकांचे ध्येय आहे. चुकलेल्या पेशी कोठे घडतात, कोठे जागृत होतात आणि कोणत्या वाटेने डोळ्यात शिरतात, हे कळल्याखेरीज ते साध्य होणार नाही. त्या वाटेचा बराचसा नकाशा कॅस्पी यांच्या कार्यामुळे हाती आला आहे.