तळटीप : जॉर्ज फर्नांडिस आणि दौंडचा संप
* मूळ मजकुरात उल्लेखिलेला ‘दौंडचा संप’ म्हणजे ८ ते २७ मे १९७४ चा देशव्यापी रेल्वे संप होय. त्याचे नेते जॉर्ज फर्नांडिस (१९३०–२०१९) हे मंगळुरात जन्मून १९४९ साली मुंबईस आले, प्लॅसिड डिमेलो यांच्या सहवासात गोदी कामगारांच्या चळवळीत पडले व १९६७ साली स. का. पाटलांसारख्या मातब्बर पुढाऱ्यास पराभूत करून लोकसभेत गेले. शिरूरास, म्हणजे घोडनदीस, लोहमार्ग नाही; दौंड मात्र मुंबई–मद्रास मार्गास मनमाडचा फाटा मिळतो तेथील त्या काळचे वाफेच्या इंजिनांचे ठाणे असल्यामुळे, धगधगत्या भट्टीसमोर उभे राहून फावड्याने कोळसा सारणाऱ्या फायरमनास संपातील आठ तासांच्या पाळीची मागणी केवढी निकडीची होती, हे शिरूरकडील तरुण वाचकास मुद्दाम सांगणे अवश्य वाटते. फर्नांडिसांना २ मे रोजीच अटक झाली होती. सरकारने संप निष्ठुरपणे मोडला, हजारो कामगार बडतर्फ झाले. पुढे आणीबाणीत पुन्हा अटक झाल्यावर १९७७ साली तुरुंगातूनच फर्नांडिस मुजफ्फरपूरहून निवडून आले व १९८९ साली रेल्वेमंत्री झाले. परंतु त्यांच्या दीर्घ व वादग्रस्त राजकारणापेक्षा हे वीस दिवसच आम्हांस अधिक मोलाचे वाटतात. बडतर्फ कामगारांना परत रुजू करून घेण्याचे काम जनता राजवटीतील रेल्वेमंत्री मधु दंडवते यांनी केले.